इंजिनला दोष देण्याआधी: जुन्या बास बोटीच्या चार तक्रारी

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसला राहणाऱ्या एका वाचकाने गेल्या वर्षी १९ फुटी, फायबरग्लासची जुनी बास बोट (बास मासे गळाने पकडायची बोट) घेतली. मागे १५० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, पुढे मासे पकडताना बोट हळू चालवणारी २४ व्होल्टची विजेची ट्रोलिंग मोटर आणि एकूण तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. बोट ट्रेलरवर ओढून ते टेक्सासमधल्याच लेक फोर्क या तळ्यावर नेतात. तक्रारी चार: इंजिन ४२०० आरपीएमच्या वर टिकत नाही, सेल्फ मारला की फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारी स्क्रीन) बंद पडून पुन्हा सुरू होतो, ट्रोलिंग मोटर दुपारपर्यंत मरगळते आणि लाइव्हवेलमध्ये, म्हणजे पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीत, पाणीच येत नाही. मेकॅनिकने फ्युएल पंप आणि इंजेक्टर बदलायला सांगितलंय, ते करावं का?

आज करू नका. पुढेमागे बदलावे लागतीलही, पण त्याआधीच्या बहुतेक तपासण्या मल्टिमीटर, काचेची बरणी आणि पेट्रोलची एक सुटी टाकी एवढ्यावर होतात. शिवाय चारही लक्षणांचा रोख इंजिनाच्या बाहेर आहे. पेट्रोल, वीज किंवा पाणी वाटेतच कुठेतरी अडतंय. जुन्या बास बोटींमध्ये हेच जास्त दिसतं. इंजिन ठणठणीत असतं, पण त्याच्यापर्यंत येणाऱ्या नळ्या, वायरी आणि जोड टेक्सासच्या उन्हाने आणि लाटांच्या आदळआपटीने थकलेले असतात.

आधी ४२०० चं बघू. या वर्गातलं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएमच्या पट्ट्यात चालायला हवं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तुम्ही लिहिता की बोट पाण्यावर नीट उचलते, मिनिटभर पळते, मग आरपीएम उतरतात आणि थ्रॉटल मागे घेतला की इंजिन सावरतं. हे पेट्रोल कमी पडण्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. प्रॉपेलर चुकीच्या पिचचा (पात्यांच्या पिळाचा) असता तर आरपीएम पहिल्यापासूनच कमी राहिले असते, मिनिटभराने उतरले नसते. इंजिनाने तापल्यामुळे किंवा ऑइलच्या दाबामुळे स्वतःहून वेग बांधून घेतला असता, तर अलार्म वाजला असता आणि आरपीएम बरेच खाली, कित्येक इंजिनांत २००० च्या आसपास, अडकून बसले असते.

पेट्रोलच्या नळीत मध्येच जो रबरी फुगा असतो, तो प्रायमर बल्ब, तो या रोगाची नाडी आहे. एका सोबत्याला घेऊन तळ्यावर जा. तुम्ही बोट पळवा आणि सोबत्याने लाइफ जॅकेट घालून, मागे खाली बसून बल्ब हातात धरावा. किल-स्विचची दोरी, म्हणजे चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी, तुमच्या कमरेला अडकवलेली हवी. २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही ती सक्तीची आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आरपीएम उतरायला लागले की सोबत्याने बल्ब कसा झालाय ते सांगायचं. तो चिपाडासारखा चपटा झाला असेल तर अडथळा बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. चपटा नाही, पण दोन-तीनदा दाबल्यावर इंजिनाला पुन्हा जोर आला, तर कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा इंजिनावरचा पंप खरोखरच कमजोर आहे. बल्ब कडक असूनही इंजिन गळपटलं, तर मात्र बल्बच्या पुढे बघायचं. पाणी वेगळं करणारा फिल्टर तुमच्या बोटीत बल्बच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहून ठेवा, नाहीतर निष्कर्ष उलटा निघेल.

बल्ब चपटा निघाला असं धरू. तुमच्या वर्णनावरून तोच संभव जास्त. पहिला संशय टाकीच्या व्हेंटवर, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीवर. बोटीच्या कडेला बाहेर छोटं जाळीदार तोंड असतं, त्यात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. हवा आत येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. तपासणी सोपी आहे. आरपीएम उतरले की थांबा आणि टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' असा आवाज येऊन इंजिन पुढे नीट चाललं, तर व्हेंट सापडला. नळी दोन्ही टोकांना सोडवून तारेने साफ करा. टाकीच्या बाजूने फुंकर मारली की बाहेर हवा लागली पाहिजे.

व्हेंट मोकळा असेल तर दुसरा संशयित म्हणजे टाकीतून नळी निघते तिथला अँटी-सायफन व्हॉल्व्ह. स्प्रिंग आणि बारकी गोळी, एवढाच तो जीव. नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीच्या तळात उतरू नये म्हणून तो बसवलेला असतो. गंजाने किंवा चिकट थराने गोळी अर्धवट अडकते. मंद वेगात पेट्रोल पुरतं, पूर्ण थ्रॉटलला पुरत नाही. काही जण गोळी काढून टाकतात आणि बोट पळायला लागते म्हणून खूश होतात. तसं करू नका. तळात साचलेली पेट्रोलची वाफ आणि तिथलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची एक ठिणगी एवढ्यात बोट जळते. नवा व्हॉल्व्ह स्वस्त असतो, तोच घाला. तिसरी शक्यता नळीची. इथेनॉलमुळे जुन्या नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते, म्हणून टोकाशी कापून आत डोकावून बघा.

हे सगळं एका फटक्यात वेगळं करायचं तर पेट्रोलची सुटी टाकी आणा, तिला स्वतःची नळी आणि बल्ब जोडा आणि ती थेट इंजिनाला लावून चालवा. आरपीएम पूर्ण मिळाले तर इंजेक्टर आणि पंप निर्दोष सुटले. नाही मिळाले तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं, मग इंजिनाच्या आतला व्हेपर सेपरेटर (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी छोटी टाकी) आणि त्यातली जाळी तपासायला सांगा. पंप किंवा इंजेक्टर बदलण्याआधी ही चाचणी व्हायलाच हवी.

काचेची बरणी पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरसाठी. फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल बरणीत ओता आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पाणी असेल तर तळाशी गोळा होऊन वेगळी रेघ दिसते. बरणी तिरकी केली की तळातला थेंब पाऱ्यासारखा एकत्र सरकतो. चमचाभर पाणी दिसलं तर नवा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि थोड्याच फेऱ्यांनी पुन्हा तपासा. टाकीच्या तळाशी पाण्याचा जाडसर थरच बसला असेल, तर पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून खाली बसलंय. ते कुठल्याही औषधाने परत मिसळत नाही, टाकी उपसावी लागते. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर पाऊण वेढा आवळा. मग बल्ब कडक होईपर्यंत दाबून जोड कोरडे आहेत का बघा. पेट्रोल पंपावरचं ई-१० (दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालतं. ई-१५ स्वस्त दिसलं तरी बोटीत घालायचं नाही, तिथे ते कायद्यानेही मना आहे. बोट महिनाभर उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर आधी घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते आतपर्यंत पोचतं.

आता वीज. फिशफाइंडर पुन्हा सुरू होणं आणि ट्रोलिंग मोटर मरगळणं यांच्या बॅटऱ्या वेगळ्या, पण दुखणं एकाच जातीचं.

सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर धरा. वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नको, खुद्द खांबावर. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संपलीय किंवा अर्धी चार्ज आहे. खांबावर १०.५ दिसतंय आणि तरीही फिशफाइंडर मरतोय, तर दोष वाटेत आहे. आता मल्टिमीटरचं एक टोक खांबावर आणि दुसरं त्याच खांबावर बसलेल्या लगवर ठेवून सेल्फ मारा. तिथे शून्याच्या जवळपास आकडा हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तो एकच जोड वीज खातोय. हीच चाचणी निगेटिव्हच्या बाजूला, बॅटरीपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत करा. लोक तिकडे बघतच नाहीत.

बॅटरीचं झाकण उघडून जवळून बघा. जुन्या बोटीत एका खांबावर सात-आठ लग रचलेले असतात: फिशफाइंडर, बिल्ज पंप, रेडिओ, चार्जर, आणि त्यांच्या वर कुठेतरी इंजिनाची जाड केबल, तीही पंखवाल्या नटने हाताने पिळलेली. उतरंड उलटी आहे. इंजिनाची केबल सगळ्यात खाली, थेट शिशाला टेकलेली हवी, बारीक वायरी तिच्या वर. पंखवाला नट काढून नायलॉनचा घेर असलेला षटकोनी नट लावा आणि पान्याने आवळा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकातही ६ गेज आणि त्याहून जाड वायरीला पंखवाला नट चालत नाही, कारण हादऱ्याने तो सैल होतो. शिसं चमकेपर्यंत तारेच्या ब्रशने घासा. फिशफाइंडरला पुढच्या डेकपर्यंत स्वतंत्र, टिन चढवलेल्या तांब्याची ८ किंवा १० गेजची जोडी थेट बॅटरीपासून न्या आणि उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये दिलेला फ्यूज बॅटरीजवळ लावा. बोटीच्या मूळ फ्यूज पॅनलमधून येणारी बारीक वायर मोठ्या स्क्रीनला पुरत नाही.

ट्रोलिंग मोटरबद्दल पहिला संशय बॅटरीवर नको, चार्जरवर घ्या. बोटीत बसवलेल्या चार्जरच्या प्रत्येक वायरीत छोटा फ्यूज असतो. त्यातला एक उडाला तर दोनपैकी एक बॅटरी कधीच चार्ज होत नाही, आणि मालक दोन्ही बॅटऱ्या बदलून मोकळा होतो. नव्याही चार महिन्यांत तशाच होतात. बॅटऱ्या थोड्या वापरलेल्या असताना चार्जर चालू करून प्रत्येक बॅटरीवर स्वतंत्र मोजा. चार्जिंगच्या जोरात १४ व्होल्टच्या वर दिसायला हवं. एकीवर १४.४ आणि दुसरीवर १२.२ असेल तर शोध तिथेच संपला.

चार्जर ठीक असेल तर दोन्ही बॅटऱ्या भरून चार्जर काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लेड-ॲसिड बॅटरीवर १२.७ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणच्या जवळ, १२.२ म्हणजे अर्धी. मग पाण्यात मोटर पूर्ण वेगावर ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळं मोजा. एक १२.१ वर टिकली आणि दुसरी १०.८ वर कोसळली, तर दुसरी आजारी आहे. तरीही बदलताना जोडीच बदला. नवी आणि जुनी मालिकेत जोडली की जुनी आधी रिकामी होते आणि नवीला सोबत ओढते.

थोडं गणितही लक्षात घ्या. २४ व्होल्टची ८० पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण वेगावर ५५ अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड जोडी त्या भाराखाली तासभरातच दमते. अर्ध्या वेगावर तीच जोडी सकाळ सहज काढते. वाऱ्याच्या दिवशी पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांमध्ये बोट एका जागी धरून ठेवायला सतत जोर लागतो, तेव्हा दुपारी मोटर मंदावणं हा दोष असेलच असं नाही. तरीही वायर ६ गेजची आणि ब्रेकर ६० अँपिअरचा आहे ना, ते बघा. अर्धा तास मोटर चालल्यावर ब्रेकर आणि पुढच्या डेकवरचा प्लग हाताला गरम लागला, तर तो बदला. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर घासून उपयोग नाही.

लिथियम घ्यावी का? ट्रोलिंगसाठी जरूर, वजन निम्म्याहून कमी होतं आणि व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं. चार्जरला लिथियमची सेटिंग असल्याची खात्री मात्र आधी करा. इंजिनाच्या सेल्फसाठी इंजिन कंपनीची लेखी परवानगी असल्याशिवाय लावू नका.

लाइव्हवेलचं कारण बहुधा क्षुल्लक निघेल. स्विच दाबून पंपाशी कान लावा. घूं घूं आवाज येतोय आणि पाणी नाही, तर शेवाळाने जाळी बुजली आहे किंवा पंपात हवा कोंडली आहे. बोट पाण्यात असताना पंप चालू ठेवून दोन-तीन सेकंद रिव्हर्स मारा. पाणी नळीत ढकललं जाऊन हवा निघते. आवाजच नसेल तर फ्यूज, टायमरचा स्विच आणि पंपापाशी १२ व्होल्ट पोचतायत का, या क्रमाने बघा. व्होल्टेज पोचत असेल तर पंप मेलाय. बहुतेक पंपांची मोटर कार्ट्रिजसारखी असते, खिटी दाबून फिरवली की निघते आणि खालचं घर तळाला तसंच राहतं, म्हणून त्याच बनावटीची कार्ट्रिज घेतलीत तर काम दहा मिनिटांचं. जोड मात्र डिंक असलेल्या हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणाऱ्या) कनेक्टरनेच करा. नुसती चिकटपट्टी पाण्यात महिनाभर टिकत नाही. उन्हाळ्यात मासे आत असतील तर टायमर विसरून जा आणि पंप सलग चालवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि टायमरच्या विश्रांतीतच मासा उलटा होतो. बर्फ घालायचाच तर बंद बाटलीतला, आणि तळ्यापेक्षा तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंतच गार.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जुन्या बोटीत मला सर्वात जास्त काळजी असते ती गिअरकेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाला प्रॉपेलर फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीची. प्रॉपेलर काढा. त्याच्यामागे जाड पितळी वॉशर असतो, तोही सरकवून घ्या आणि शाफ्टकडे बारकाईने बघा. तिथे गळाची तुटलेली दोरी गुंडाळलेली सापडते. फिरून फिरून ती वितळते आणि शाफ्टभोवती हिरवट, टणक कडं होऊन बसते. वेणीची दोरी असेल तर ऑइल सील करवतीसारखं कापते. मग पाणी आत जातं, आणि जे गिअर वर्षानुवर्षं चालले असते ते एका हंगामात संपतात. दर तीन-चार फेऱ्यांनी प्रॉपेलर काढून बघणं, शाफ्टला मरीन ग्रीस लावणं आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळणं याला पंधरा मिनिटं लागतात.

गिअर ऑइल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. इंजिन सरळ उभं करा, खाली भांडं ठेवा, आधी खालचा स्क्रू काढा आणि मग वरचा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर सील गेलंय, बोट तिथेच थांबवा. स्क्रूच्या लोहचुंबकावर काजळीसारखा बारीक कीस चालतो. नखाला टोचणारा तुकडा चालत नाही. भरताना खालच्या भोकातून पंपाने चढवा, वरून बुडबुड्यांशिवाय ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू बंद करा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे. वरून ओतलंत तर आत हवा राहते. या आकाराच्या इंजिनात सुमारे एक लिटर मावतं. बरंच कमी गेलं तर थोडं थांबून पुन्हा भरा.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) दोन-तीन वर्षांत किंवा ३०० तासांत बदला. तो कधी बदलला ते मागचा मालक सांगू शकत नसेल तर आत्ताच. जुना काढल्यावर त्याची सगळी पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा वर थर्मोस्टॅटजवळ अडकलेला असतो, तो शोधल्याशिवाय झाकू नका. घरी इंजिन चालवताना पाणी ओढणाऱ्या भोकांवर नळाला जोडलेली रबरी कानटोपी लावून, नळ पूर्ण सोडून, न्यूट्रलमध्येच चालवा. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक दिसली तर आधी तिच्या तोंडात जाड नायलॉनची दोरी घालून बघा; कुंभारमाशीला तीही जागा आवडते.

लेक फोर्क आणि आसपासच्या तळ्यांत धरण भरताना झाडं उभीच ठेवली होती, त्यांचे खुंट पाण्याखाली आहेत. आखून दिलेल्या बोट-लेनच्या बाहेर वेग घेऊ नका. खुंट लागलाच तर त्याच दिवशी प्रॉपेलरचं हब तपासा: आतल्या नळीपासून बाहेरच्या भांड्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा, फेरी मारून या आणि रेघ तुटलेली दिसली तर हबमधलं रबर सुटलंय.

तळ्यावरून निघताना ड्रेन प्लग (तळाचं बूच) काढून बोट, बिल्ज (तळाचा खोलगट भाग) आणि लाइव्हवेल पूर्ण रिकामी करा. झेब्रा शिंपल्यांमुळे १ जुलै २०१४ पासून टेक्सासभर हा नियम आहे. काढलेला प्लग किल्लीजवळ ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी लावल्याशिवाय बोट पाण्यात उतरणार नाही. आणि बोटीची कागदपत्रं तुमच्या नावावर झालीत का तेही एकदा तपासा.

शेवटी ट्रेलर, कारण बोट पाण्यात बंद पडली तर कोणीतरी ओढून आणतं, पण हायवेवर चाक निखळलं तर माणसं जातात. दीड-दोन तास धावल्यावर चाकाचा हब (बेअरिंग बसलेला मधला भाग) गरम असतो. तो तसाच गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) पोचल्यावर पट्टे सोडणं, प्लग लावणं, सामान चढवणं ही कामं आधी करा, तेवढ्यात हब निवतात. वाटेत थांबाल तिथे प्रत्येक हबला तळहात लावा. एकच बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचं बेअरिंग बोलतंय. हबवरच्या स्प्रिंगच्या टोपीत ग्रीस भरताना आतली चकती थोडी पुढे सरकली की थांबा, जास्त भरलं तर मागचं सील फुटून ग्रीस ब्रेकवर जातं. वर्षातून एकदा चाक उचलून फिरवा, घरघर ऐका, वर-खाली हलवून ढिलेपणा बघा आणि बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. टायर नक्षीवरून नाही, वयावरून बदला. बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३११८ म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर काढा, आणि हवा थंड असताना बाजूवर छापलेल्या कमाल दाबाइतकी भरा. बेअरिंग बसवून, ग्रीस भरून तयार केलेला एक सुटा हब, कॉटर पिन आणि चाकाच्या नटांना बसणारा पाना ट्रकमध्ये कायम ठेवा, आणि तो पाना खरोखर बसतो का, हे घरीच लावून बघा.